लाईट गेली आणि चिंचोके चालले

एप्रिलची सकाळची शाळा. पारोळा तालुक्यात साडेनऊलाच पत्रे तापायला लागतात. आठवीच्या पोरांना कॉनवेचा 'जीवनाचा खेळ' दाखवायचा म्हणून आदल्या रात्री घरी सगळं करून पाहिलं होतं. शाळेतला एकुलता एक संगणक सुरू केला आणि लाईट गेली. भारनियमनाची वेळ मी पाहिलीच नव्हती, म्हणजे चूक माझीच.

पोरांच्या खिशात चिंचोके होतेच, दिवसच चिंचांचे. व्हरांड्यात खडूनं बारा बाय बाराची चौकट आखली. जॉन कॉनवे या ब्रिटिश गणितज्ञानं १९७० च्या सुमारास हा खेळ रचला, तोही पटावर सोंगट्या मांडून. मग आपल्याला तरी संगणक कशाला?

नियम फळ्यावर लिहिले. प्रत्येक घराला आठ शेजारी, कोपऱ्यातले धरून. चिंचोक्याच्या शेजारच्या घरांत दोन किंवा तीन चिंचोके असले तर तो जगतो, कमी-जास्त झाले तर मरतो. रिकाम्या घराशेजारी बरोब्बर तीन चिंचोके असले तर तिथे नवा चिंचोका जन्मतो. बस्स, एवढंच.

आडव्या ओळीत तीन ठेवले. ते उभे व्हायला हवेत, मग पुन्हा आडवे. एक पोरगा डावीकडून मोजत निघाला. पहिल्याला एकच शेजारी, उचलला. आता मधल्याला एकच उरला, तोही उचलला. तिसरा एकटाच, गेला.

"सर, बठा मरी ग्यात!"

मी ओशाळलो. सगळ्यांचा निकाल एकाच वेळी लावायचा असतो, हे सांगायचंच राहिलं होतं. संगणक ते गुपचूप करतो, त्यामुळे मलाही ते कधी जाणवलं नव्हतं. तोड मात्र मागच्या बाकावरच्या एका पोरीनं काढली. ती पोषण आहाराच्या खोलीतून मूठभर मटकी घेऊन आली. जन्म होणार त्या घरात मटकीचा दाणा, मरणाऱ्याभोवती खडूचा गोल. सगळी घरं तपासून झाली की टाळी, आणि मगच उचलाउचल. तीन चिंचोके लगेच उभे राहिले.

मग पाच मांडले. वर एक, त्याच्या उजवीकडे खालच्या ओळीत एक, त्याखाली ओळीनं तीन. काय होणार ते सांगितलं नाही. पहिल्या टाळीला आकार बिघडला, दुसऱ्या-तिसऱ्यालाही काही धड दिसेना, पोरं जांभया द्यायला लागली. चौथ्या टाळीला तोच आकार पुन्हा उभा, पण एक घर खाली आणि एक घर उजवीकडे. आठ टाळ्यांनी आणखी एक घर तिरपा पुढे.

"हाई चालस ना सर! पाय नही तरी चालस!"

मघाचा मोजणारा पोरगा मात्र उकिडवा बसून फरशीकडे बघत होता. म्हणाला, "पण सर, चिंचोका तं जागावरथून हालतच नही. मंग चालस कोन?"

मी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. त्या नियमांत 'चाल' असा शब्दच नव्हता. घराला फक्त आपले आठ शेजारी ठाऊक, चौकट किती मोठी आहे हेही नाही. बीएड करून एकोणीस वर्षं झाली, या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. नाही, असं सरळ सांगितलं.

सुटायला वेळ होता म्हणून पाचांचाच दुसरा आकार दिला: उभे तीन, वरच्याच्या उजवीकडे एक, मधल्याच्या डावीकडे एक. एक टाळी म्हणजे एक पिढी; हा थंडावायला अशा ११०३ पिढ्या लागतात, हे सांगून टाकलं, म्हणजे कुणी नादी लागणार नाही. मटकीवाली आणि तिची मैत्रीण लागल्याच. चौकट कमी पडली तशा त्या व्हरांड्याच्या पायरीपर्यंत घरं आखत गेल्या. घंटा झाली तेव्हा फरशीवर खडूनं लिहिलं: '१८ वी पिढी. झाडू नये.'

दुसऱ्या दिवशी दोघी शाळा भरायच्या आधीच पायरीवर होत्या, सोबत पिशवीभर चिंचोके.