चार किलो आठशे ग्रॅम

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीचं पत्र आलं. विषय खुला आहे. पण सांगलीच्या आपल्या वसतिगृहात राहिलेल्या कुणाच्याही हाती पेन द्या, ते सरांपाशीच येऊन थांबणार. नाव लिहीत नाही. 'सर' म्हटल्यावर आपल्याला दुसरं कोण आठवतं? स्नेहसंमेलनं, खो-खोच्या ढाली यांवर इतर लिहितीलच. मी सरांच्या वहीबद्दल लिहितो.

भांडाराच्या कपाटात वरच्या फळीवर ती दोनशे पानी वही असायची. रकाने पाच: काय घेतलं, कुणाचं, किती, पाचवा हिस्सा, फेड कशी. पाचवा हिस्सा सरांच्या मनचा नव्हे. बायबलमधल्या लेवीय 6 आणि गणना 5 या अध्यायांत तो आहे. स्वतःहून कबूल करणाऱ्याने मूळ वस्तू द्यायची, वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा, आणि ज्याचं नुकसान झालं त्यालाच द्यायचा. पकडला गेलेल्याचा हिशेब वेगळा. निर्गम 22 मध्ये चोरलेलं जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट, मेंढरू कापलं किंवा विकलं असेल तर चौपट, बैल असेल तर पाचपट. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय कुणी न पकडता चौपट द्यायला निघाला. सर म्हणायचे, "त्यानं स्वतःला कुठला दर लावला बघा."

आपल्या वेळच्या मुलांना गुळाचं प्रकरण आठवत असेल. आठवीतला एक मुलगा भांडार सांभाळायचा. दहा किलोच्या रव्यातून, म्हणजे गुळाच्या ढेपेतून, दर आठवड्याला अर्धा किलो गूळ वर्तमानपत्राच्या कागदात बांधून तो चहाच्या गाड्यावर विकायचा. आठ आठवड्यांत चार किलो गेले. तूट निघाली आणि बोट स्वयंपाकाच्या मावशींकडे गेलं. पदराखालून नेते, अशी कुजबुज. मुलाला ते सोसवेना. एका संध्याकाळी उपासना संपल्यावर तो सरांपाशी आला आणि आता आपण प्रार्थना करू या म्हणाला. सरांनी त्याला थांबवलं. मत्तय 5 मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणलं आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. "देवाशी नंतर बोल. आधी स्वयंपाकघरात जा."

जायच्या आधी काय बोलायचं याची उजळणी झाली. वाक्यं तीनच: मी हे केलं, त्यामुळे तुमचं हे झालं, मी हे भरून देणार. 'जर', 'पण', 'चुकून' हे शब्द बंद. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" म्हटलं की दोष ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर जातो. रडायचं नाही, कारण मग मावशींनाच समजूत काढत बसावं लागतं. आणि लगेच माफ करा म्हणून गळ घालायची नाही. चारचौघांत पोराने हात जोडले की नाही म्हणायची सोय उरत नाही, आणि अशी ओढून घेतलेली माफी आतून नासते. मावशींची बदनामी सगळ्यांत झाली होती, म्हणून त्यांचं निर्दोषपणही जेवणाच्या पंगतीतच सांगायला लावलं. एरवी एकट्याशी केलेली आगळीक एकट्यापाशीच कबूल करायची, असा सरांचा दंडक होता.

मावशींनी ऐकून घेतलं. "बरं. ते मोठं पातेलं घास आता." त्यांनी मनातून कधी माफ केलं, ते सरांनी कधीच विचारलं नाही.

मग वही उघडली. चार किलो, वर पाचवा हिस्सा आठशे ग्रॅम. मुलाकडे दमडी नव्हती. सकाळच्या लापशीत प्रत्येकाला वीस ग्रॅम गूळ मिळे. तो सोडायचा ठरला. भागाकार केला तर दोनशे चाळीस सकाळी! वार्षिक परीक्षेपर्यंत तेवढ्या उरलेल्याही नव्हत्या. पळून आलेल्या अनेसिम या गुलामाबद्दल प्रेषित पौलाने त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, लिहिलं होतं की याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. सरांनी निम्मं आपल्या नावावर मांडलं. एकशेवीस सकाळी दोघं समोरासमोर बसून फिकी लापशी खात होते. ती चिकट, गिळगिळीत लापशी गुळाशिवाय कशी लागते, हे सांगायला नको.

फेड म्हणजे माफीची किंमत, असं मात्र सरांनी कुणाला समजू दिलं नाही. किंमत वधस्तंभावर दिली गेली, हा त्यांचा विश्वास. येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राने घरी परतताना वाटेत भाषण पाठ केलं होतं. मला मोलकऱ्यांसारखा ठेवा, हे त्यातलं शेवटचं वाक्य बापासमोर तो म्हणतच नाही, बाप आधीच धावत येऊन गळ्यात पडलेला असतो. पण उडवलेली मालमत्ता काही परत येत नाही. येशूशेजारच्या चोराला सुखलोकाचं वचन मिळालं, वधस्तंभावरून खाली उतरवलं नाही. पाप कबूल केलेल्या दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने क्षमा सांगितली, तरी त्याचं मूल गेलंच. मिशनच्या शाळांतून पहिली बाजू खूप सांगतात. दुसरी सांगणारे सर विरळा.

एकशेविसाव्या सकाळी वहीतलं ते पान फाडून मावशींच्या चुलीत घातलं. त्यानंतर गुळाचा विषय काढणाऱ्यालाच सर रागवायचे. भांडाराची किल्ली मात्र जूनपर्यंत दुसऱ्याकडे. मोडलेला पाय जुळल्यावरही पहिल्याच दिवशी कुणी पोत्याखाली उभा करत नाही. जूनमध्ये किल्ली त्याच मुलाला मिळाली, सोबत दर शनिवारी वजन तपासायला दुसरा एक.

आज सहकारी संस्थांची दप्तरं तपासताना ही वही पदोपदी आठवते. उचललेली रक्कम व्याजासकट भरली, आता विषय संपला, असं म्हणणारे सचिव भेटतात. कायद्याने तात्पुरता अपहारही अपहारच. आणि ज्या शिपायावर संशय गेला, त्याच्याकडे जायचं कुणालाच सुचत नाही.

आता वसतिगृहात छापील माफीनामा आहे म्हणे. पालकाची सही, शंभर रुपये दंड, फाईलला लावला की झालं. नुकसान कुणाचं झालं, हा रकानाच त्यात नाही, आणि कागद मुलाच्या मागे दहावीपर्यंत राहतो. म्हणजे दोन्हीकडून उलटं.

सरांचा फोटो सभागृहात लावणार असल्याचं पत्रात आहे. जरूर लावा. शेजारी मावशींचाही लावा. गॅदरिंगच्या जुन्या फोटोंत त्या मागच्या रांगेत सापडतील. आणि वही पुन्हा सुरू करता आली तर पाहावं. दोनशे पानांची एक वही आणि पट्टीने ओढलेल्या चार रेघा, एवढंच सामान लागतं.