इंदूर ते ग्वाल्हेर : 467 किलोमीटर आणि आत्याचा किल्ला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या आत्याचे गुडघे थकले आणि तिचे इंदूरला येणे थांबले, तेव्हा मी तिच्याकडे पहिल्यांदाच विमानाने जायचे ठरवले. या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे 467 किलोमीटर आहे. देवास, शाजापूर, गुना, शिवपुरी असा जुना आग्रा-मुंबई रस्ता धरला तरी ते 500च्या आसपासच भरते. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती जवळजवळ शाजापूर आणि शिवपुरी यांच्यावरूनच जाते. लहानपणी वडिलांबरोबर रात्रीच्या बसने याच वाटेने जाताना शिवपुरीला उजाडायचे.

रामबागेतल्या घरातून मी सकाळी दहाला निघालो. बिजासन टेकडीजवळच्या विमानतळावर तपासणी आणि प्रतीक्षा यांत पावणेदोन तास गेले, आणि ते मला फार जड वाटले, कारण प्रत्यक्ष उड्डाण त्याहून छोटे होते. एटीआर हे पंख्यांचे विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा जमिनीला चाके टेकेपर्यंत आम्हाला 1 तास 5 मिनिटे लागली. घरापासून आत्याच्या दारापर्यंतचा हिशेब मात्र सव्वाचार तासांचा झाला, म्हणजे एकूण वेग ताशी 110 किलोमीटर.

तरीही या विमानाबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे, आणि ते मोठ्या जेट विमानांपेक्षा खालून उडत असल्यामुळे, माळव्याची काळी शेते, त्यांमधून गेलेला तो रस्ता आणि पुढे जंगलाचे पट्टे हे सारे मला सलग पाहता आले. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर, तर ग्वाल्हेरचा 190 मीटरच्या आत. माळव्याचे पठार मागे पडून जमीन खाली उतरते, हे भूगोलात शिकलेले त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

उतरताना दूरवर किल्ल्याची लांबट टेकडी दिसली. आत्याला दाखवण्यासाठी मी मोबाईल बाहेर काढला, तोच हवाई सुंदरीने नम्रपणे सांगितले की, हा हवाई दलाचा तळ असल्यामुळे येथे छायाचित्रे घेता येत नाहीत. मोबाईल खिशात ठेवला आणि विमान वळेपर्यंत नुसता पाहत राहिलो : टेकडीच्या कडेने धावणारी भिंत, तिच्या पायथ्याशी दाटलेली घरे, आणि वर इतके ऊन की दगड पांढरा वाटावा. 2024 साली सुरू झालेली ग्वाल्हेरच्या विमानतळाची नवी इमारत ऐसपैस आहे, पण त्या वेळी माझे तिच्याकडे नीट लक्ष गेले नाही.

सव्वादोनला आत्याच्या दारात पोहोचलो. “अरे, सकाळी फोन केलास तेव्हा तर घरीच होतास ना?” तिने विचारले, आणि लगेच पुढे, “किल्ला दिसला का रे वरून?”

मी दिसले ते सगळे सांगितले.

“मानमंदिर महालाच्या निळ्या फरशा?”

“त्या नाही दिसल्या, आत्या.”

“मग ऐक,” म्हणत ती उशीला टेकून बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा किल्ला चढून गेली होती त्या दिवसाबद्दल सांगू लागली. चहा दोनदा गरम करावा लागला. पुढचे दोन दिवस मी त्या घरातून बाहेर पडलो नाही.