आमची वाटचाल : काटे, शिक्के आणि विकत घेतलेल्या लिंक

घाऊक बाजार मुंबईहून वाशीला आला, तसे बाबाही त्याच्या मागोमाग आले. मशीद बंदरला ते दुसऱ्याच्या दुकानात वजनकाटे दुरुस्त करायचे. तुर्भ्याला त्यांनी स्वतःचा गाळा घेतला, दुरुस्तीचं लायसन्स काढलं आणि दाणा बाजार, मसाला मार्केट, कांदा-बटाटा मार्केट एवढ्यावर आमचं घर उभं राहिलं. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर 12 महिन्यांनी सरकारच्या वैधमापन खात्याकडून पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो. त्यामुळे काम चोख असेल तर गिऱ्हाईक वर्षातून एकदा परत येतंच.

मी धंद्यात आले तेव्हा महापे, रबाळेच्या कंपन्यांमधले परचेसवाले गाळ्यावर यायचे बंद झाले होते. ते मोबाइलवर शोधत होते. म्हणून 2019 मध्ये वेबसाइट केली. ती गूगलवर तिसऱ्या पानावर होती, आणि तिसरं पान कोण उघडतं?

2022 च्या जानेवारीत एका एजन्सीचं पॅकेज घेतलं. महिन्याला 10 बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून आमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक, 18,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. त्यांची कल्पना मला पटली होती, कारण ती मुळात खरीच आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्डला असताना पेजरँक ही पानांचं महत्त्व ठरवायची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच: दुसऱ्या पानाने तुमच्याकडे बोट दाखवलं तर ती शिफारस, आणि ज्याचा स्वतःचा मान मोठा त्याच्या शिफारशीला वजन जास्त. मसाला मार्केटमध्ये नवा माणूस उधारीवर माल मागायला आला की व्यापारी विचारतो, "कुणाच्या ओळखीने आलात?" तसंच हे.

एजन्सीच्या दरपत्रकात साइटच्या डीए नावाच्या आकड्यावर भाव होता: डीए 20 पर्यंतच्या साइटवर लिंक 1,200 रुपये, 40 च्या पुढे 4,000, 60 च्या वर 9,000 ते 12,000. बातम्यांच्या पोर्टलसाठी वेगळं बोलू, म्हणाले. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हा डीए कुठल्या काट्यावर काढलाय? त्या काट्यावर शिक्का कुणाचा?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे शोधलं तेव्हा कळलं, डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी हा मॉझ या कंपनीचा अंदाज आहे, 100 पैकी. एचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा असाच डीआर नावाचा आकडा आहे. गूगल यातला कुठलाच वापरत नाही, आणि साइटवाल्याने स्वतः लिंक विकत घेऊन तो फुगवला तरी आकडा वर जातो. म्हणजे ज्या आकड्यावर सगळा भाव ठरतो, तो आकडा माल विकणाऱ्यालाच वाढवता येतो. आमच्या धंद्यात असा काटा जप्त होतो.

आम्ही प्लॅटफॉर्म काटा तपासतो तेव्हा वजन फक्त मधोमध ठेवून भागत नाही. 20 किलोचं प्रमाणित वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून बघावं लागतं. एखादा लोडसेल, म्हणजे खालचा वजन मोजणारा सेन्सर, बिघडलेला असला तर मधे बरोबर दाखवणारा काटा कोपऱ्यात चुकतो. आमच्या लिंक ज्या साइटवर होत्या, त्या मी एका रात्री अशाच तपासायला बसले. एका पानावर काश्मीरच्या हनिमूनवर लेख होता. दल लेक, शिकारा, आणि त्याच परिच्छेदात "बेस्ट वेइंग स्केल रिपेअर इन नवी मुंबई" या शब्दांवर आमची लिंक. खाली दोन ऑनलाइन कॅसिनोंच्या लिंक. त्या पानाचं शीर्षक जसंच्या तसं गूगलवर टाकलं तरी पान सापडेना. ज्या पानाला गूगलच्या दारात उभं केलं जात नाही, त्याची शिफारस गूगल काय ऐकणार!

आम्ही गूगलच्या पहिल्या पानाच्या तळाशी पोचलो होतो, हे मात्र खरं. पण आमच्याकडे फोनची वही आहे. बाबांच्या वेळेपासून तिच्यात "कुठून कळलं" हा रकाना आहे. पॅकेजच्या आठ महिन्यांत गूगलवरून 31 फोन आले, त्याआधीच्या आठ महिन्यांत 27. जीएसटीचं क्रेडिट मिळालं, पण 1,44,000 रुपये गेले ते गेले. चार जादा फोन, प्रत्येकी 36,000 रुपये. त्या सगळ्या पैशात आमच्या एका हेल्परचा आठ महिन्यांचा पगार झाला असता.

सप्टेंबरमध्ये सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या टूलमध्ये, नोटीस आली: तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक अनैसर्गिक आहेत, म्हणजे रँकिंग वाढवायला लावलेल्या. रँकिंग पार गेलं. एजन्सीने फोन उचलणं बंद केलं. मी 80 लिंकची यादी करून प्रत्येक साइटला मेल केले. 23 जणांनी लिंक काढल्या. काहींनी काढण्याचेही पैसे मागितले. ते दिले नाहीत. उरलेली डोमेन एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकेका ओळीवर लिहून डिसअव्हाव टूलमध्ये टाकली. या लिंक आमच्या नावावर धरू नका, असं गूगलला सांगायचं हे टूल, 2012 पासून आहे. मग पुनर्विचाराचा अर्ज केला, त्यात पैसे दिल्याचं स्पष्ट लिहिलं. पहिला अर्ज फेटाळला गेला, दुसरा मंजूर झाला.

नोटीस येणं हे खरं तर क्वचितचं. 2012 च्या पेंग्विन अपडेटपासून गूगल अशा लिंक पकडतंय, 2016 पासून ते काम मुख्य अल्गोरिदममध्येच गेलं, आणि डिसेंबर 2022 पासून स्पॅमब्रेन ही त्यांची यंत्रणा विकत घेतलेल्या लिंक ओळखून बाद करते. बहुतेकांना शिक्षा होत नाही. काट्यावर माल ठेवलेला असतो, पैसे दिलेले असतात, आकडा शून्यच राहतो, आणि दर महिन्याचा रिपोर्ट मात्र हिरव्यागार बाणांनी भरलेला येतो. छोट्या धंदेवाल्याचं खरं नुकसान इथे होतं, आणि ते त्याला दिसतही नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घ्यायला काही हरकत नाही. फक्त तिच्या कोडमध्ये ती पैसे देऊन घेतलेली आहे हे सांगणारा "स्पॉन्सर्ड"चा टॅग लावायला हवा. 2019 पासून तो आहे. मग त्या लिंकने रँकिंग वाढेल ही आशा सोडायची आणि तिथून किती माणसं येतील तेवढ्याचेच पैसे द्यायचे. उद्या गूगल बंद पडलं तरी या जागेसाठी मी एवढे पैसे देईन का, हे मी स्वतःला विचारते. व्यापारी संघटनेची वर्गणी त्यामुळे बिनदिक्कत भरते. त्यांच्या सभासद यादीत आमचं नाव आहे आणि तिथून खरोखर फोन येतात.

ज्या कंपनीचे काटे आम्ही विकतो, तिच्या डीलर यादीत आमची लिंक नव्हती. एक फोन केला, आठवड्यात लागली. एक पैसा लागला नाही. मॅप्सवरच्या प्रोफाइलमध्ये गाळ्याचे फोटो आणि वेळा नीट भरल्या. मग मी आणि आमच्या जुन्या मेकॅनिक काकांनी मिळून पडताळणीला काटा नेण्याआधी काय काय बघावं यावर मराठीत एक पान लिहिलं. कोपरा तपासणी, सील, नेमप्लेट, सगळं फोटोंसकट. दाणा बाजारातल्या एका व्यापाऱ्याने त्या पानाची लिंक आपल्या साइटवर लावली, न सांगता. गेल्या तिमाहीत वहीतल्या त्या रकान्यात "पान वाचून" असं 14 वेळा लिहिलंय.

आता तेच पान हिंदीत करतोय, कारण बाजारात काटा हाताळणारी बरीच मुलं हिंदी वाचतात. वेब्रिजचे, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्याचे, फोटो तेवढे राहिलेत, ते रविवारी ट्रक कमी असतात तेव्हा काढणार आहोत.