पद्मकाष्ठ, म्हणजे हिमालयातली रानचेरी, कुंडीत: बी ते वीतभर रोप

विक्रोळीला हायवेच्या कडेने फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी बहर येतो, त्याला बरेच जण चेरी समजतात, पण तो चेरीचा नाही. ती अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली बसंत राणी, टॅबेबुया रोझिया. चेरी गुलाबाच्या कुळातली. जपानची गाजलेली सोमेई योशिनो मुंबईत आणण्यात अर्थ नाही. एदोहिगान आणि ओशिमा या दोन चेरींचा तो संकर, आणि जगभरची त्याची झाडं कलमांनीच वाढवलेली. बी पेरून तीच चेरी मिळत नाही. शिवाय उन्हाळ्यात धरलेल्या तिच्या कळ्या उमलायला कित्येक आठवड्यांची थंडी लागते. इथे ती एक दिवसही पडत नाही.

म्हणून हिमालयातली रानचेरी, पद्मकाष्ठ. शिलाँगला नोव्हेंबरात फुलते ती हीच, आणि काष्ठौषधींच्या दुकानात पद्मकाष्ठ म्हणून मिळतं ते हिचंच लाकूड. पावसाळा सरला की, ऐन थंडी पडण्याआधीच ही फुलते. मुंबईत प्रयत्न करण्याजोगी चेरी असेल तर ही.

फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतात. गर पूर्ण धुवून काढायचा. राहिला तर बुरशी तिथूनच धरते. बिया 24 तास पाण्यात, तरंगतील त्या टाकायच्या. मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं करून मुठीत घट्ट पिळायचं, थेंबही पडता कामा नये. त्यात बिया घालून पिशवी, रुजायला लागणारी थंडी मिळावी म्हणून, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात 10 ते 12 आठवडे. फ्रीजरमध्ये नाही. आठवड्याला एकदा उघडून बघायचं. कवच शिवणीवर उकलून मुळाचं पांढरं टोक दिसलं की त्याच दिवशी, टोक खाली करून, सेंटीमीटरभर खोल लावायचं. टोक लांबलं की काढताना मोडतं.

खरी अडचण पुढे, पावसात. नर्सरीतली लाल माती आणि शेणखत थापल्यासारखं घट्ट बसतं आणि मुळं गुदमरतात. माती ओली असूनही शेंडा मान टाकतो, खालची पानं पिवळी पडतात. पाणी कमी पडलं समजून आणखी घातलं की रोप गेलंच. एक भाग माती, एक भाग विटांचे बारीक तुकडे, अर्धा भाग शेणखत हे मिश्रण टिकतं. कुंडी विटांवर, खाली ताटली नाही, आणि जूनपासून छपराखाली.

सध्या रोपं वीतभर आहेत, पानांच्या कडा करवतीसारख्या. छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावरच. ओल्यात कापलं की जखमेतून डिंक वाहतो आणि फांदी मागे वाळत जाते.