आमची वाटचाल – केबलपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत

जळगाव एमआयडीसीत आमचं छोटंसं दुकान आहे, दोन टेबलं, एक सोल्डरिंग स्टेशन, भिंतीला लटकवलेल्या केबली आणि आम्ही तिघं. काम एकच, कॉम्प्युटरमधला प्रोग्राम सीएनसी मशीनपर्यंत, म्हणजे प्रोग्रामवर आपोआप धातू कापणाऱ्या मशीनपर्यंत, नीट पोचत नसेल तर तो पोचवून द्यायचा. सुरुवातीला लोक विचारायचे की एवढ्याशा कामावर घर चालतं का. पण इकडे ठिबक, पीव्हीसी पाइप, चटई असा प्लास्टिकचा धंदा मोठा, त्यामुळे मोल्डचं, म्हणजे साच्यांचं, काम निघतच राहतं, आणि मोल्ड म्हटलं की लांबलचक प्रोग्राम आले, जुनी व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची सीएनसी मशीन आली आणि तिच्या अंगावरचा तो २५ पिनांचा पोर्ट आला.

मी आधी एका वर्कशॉपमध्ये प्रोग्रामर होतो. जुन्या कंट्रोलरची, म्हणजे मशीनच्या मेंदूची, मेमरी एवढीशी, त्यात मोल्डचा प्रोग्राम मावायचा नाही, म्हणून ड्रिप फीड करायचो, म्हणजे आपल्या ठिबकसारखंच, टाकीत मावत नाही तर थेंब थेंब सोडत राहायचं, कॉम्प्युटर ओळी पाठवतो आणि मशीन त्या कापत जाते. ९६०० बॉडला (हा पाठवायचा वेग) सेकंदाला साधारण ८७० अक्षरं जातात, म्हणजे एक एमबीचा प्रोग्राम जायला वीसेक मिनिटं. फिनिशिंगला बारीक बारीक ओळी असल्या की मशीन उपाशी राहते आणि टूल हिसके मारत चालतं, त्याचे डाग मोल्डवर दिसतात. हे डाग बघून पॉलिशवाल्याला शिव्या घालणारे मालक मी बघितलेत, त्या पोराची काही चूक नसायची.

नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं तेव्हा माझी समजूत अशी होती की हे सगळं सेटिंगचं काम आहे. दोन्हीकडे बॉड रेट सारखा, सात डेटा बिट, ईव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट, प्रोग्रामच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह, झालं. फॅनक कंपनीच्या कंट्रोलरवर ८५ अलार्म आला तर हे जुळत नाही, ८६ आला तर समोरचा तयार असल्याचा सिग्नल मिळत नाही म्हणजे बहुतेक केबल सुटलीय नाहीतर २५ पिनांच्या बाजूला ४-५ आणि ६-८-२० हे जंपर मारलेले नाहीत. ८७ मात्र त्रास देतो. मशीन थांब म्हणते आणि त्यानंतर दहाच अक्षरं सोसते, पण यूएसबीवरून सिरीयल करणारे स्वस्त कन्व्हर्टर आपल्या पोटात साठवलेलं सगळं ओततात. मी त्यांचा बफर सेटिंगमध्ये जाऊन कमी करतो, तरी ऐकलं नाही तर कन्व्हर्टरच बदलतो, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

पण खरा धडा भुसावळला मिळाला. तिथल्या एका गिऱ्हाइकाकडे दोन दिवस पॅरामीटर, म्हणजे मशीनमधली सेटिंग, बदलत बसलो, कधी प्रोग्राम जायचा कधी अर्ध्यात थांबायचा, आणि तिसऱ्या दिवशी मशीन चालू असतानाच लॅपटॉप चार्जरवर ठेवून केबल लावली तर पोर्टच गेला. पूर्ण गेला. बोर्ड दुरुस्त करून आणायचा खर्च मी दिला, धंदा सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं आणि घरी सांगायला तोंड नव्हतं. मालकांना आम्ही आप्पा म्हणायचो, ते एवढंच म्हणाले, "पैसे राहू दे बाजूला, का जळलं ते शोधून दे."

ते शोधायला मला पुढचा उन्हाळा लागला. लक्षात आलं की माझ्याकडे तक्रारी सारख्या येत नाहीत, एप्रिल-मेमध्ये एकदम वाढतात. मी उन्हाला दोष देत होतो, आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, कंट्रोलर तापत असेल असं वाटायचं. मग एके दिवशी मीटर घेऊन कॉम्प्युटरची बॉडी आणि मशीनची बॉडी यांच्यात एसी व्होल्टेज मोजलं तर शंभरच्या वर! कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, अर्थिंग धड नसेल तर बॉडीवर २३० च्या निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, माणसाला नुसती झिणझिण, पण आरएस-२३२ चा, म्हणजे या सिरीयल पोर्टचा, सिग्नलच मुळात १५ व्होल्टच्या आतला, ती चिप हे कसं सोसणार. आणि अर्थिंग का नाही तर आपली काळी माती, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगची तार जिथे पुरलेली असते त्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंग नुसतं नावाला उरतं. पावसाळ्यात तीच मशीन, तीच केबल, निमूट चालते.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. धुळ्याहून अवधान एमआयडीसीतून ऑपरेटरचा फोन येतो, "भाऊ, मशीन प्रोग्रामच लेत नही", तर मी पहिलं सांगतो की पॅरामीटरला हात लावू नको, लॅपटॉपचा चार्जर काढ, दोन्हीकडचा पॉवर बंद करून केबल लाव आणि बॅटरीवर पाठवून बघ. बॅटरीवर गेला तर दोष अर्थिंगचा. मग आम्ही खड्डा बघतो, लांब केबल असेल तर मध्ये ऑप्टिकल आयसोलेटर टाकतो, म्हणजे सिग्नल उजेडातून जातो आणि दोन्ही बाजू विजेने जोडलेल्या राहत नाहीत, केबलची जाळी एकाच टोकाला अर्थ करतो. पंधरा मीटरच्या पुढे साधी केबल मी ओढूच देत नाही, मालक कितीही मागे लागला तरी.

आता बऱ्याच मशीनवर मेमरी कार्ड आणि लॅनही आलं, ते बसवून देतो, ड्रिप फीडचं काम कमी झालं. त्याच फेरीत सगळ्या पॅरामीटरचा बॅकअपही काढून ठेवतो, कारण कंट्रोलरची बॅटरी संपली की मशीनची ओळखच पुसली जाते. आणि बॅटरी बदलायची ती मशीनचा पॉवर चालू ठेवून, हे प्रत्येक ऑपरेटरला आम्ही हाताने करायला लावतो.

भुसावळचे आप्पा अजून आमचे गिऱ्हाईक आहेत. दरवर्षी होळी झाली की आम्ही वही काढतो आणि एकेकाला फोन लावतो, खड्ड्यात पाणी सोडलं का म्हणून. बहुतेक वेळा आप्पाच आधी फोन करतात, "टाकलं रे दोन बादल्या."