अपेक्षा: अनुरूप

लग्नसराई जवळ आली की आमच्या दुकानात माणसं स्वतःला लिहून घ्यायला येतात. नाशिकला पंचवटी कारंजाजवळ माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, तिथे लग्नाचे बायोडेटा करून देते. वर गणपती, त्याखाली 'कुलस्वामिनी प्रसन्न', मग नाव, जन्मवेळ, रास, गण, देवक, मामांचं कूळ. इथवर बहुतेक खरं असतं. (एकनाड टळावी म्हणून जन्मवेळ मागेपुढे करणारे सोडून.) 'रंग' आला की आई म्हणते गोरा, मुलगी म्हणते निमगोरा लिहा, मी 'उजळ' टाकून दोघींना गप्प करते. 'निर्व्यसनी' तर फाईलमध्ये आधीच टाईप करून ठेवलंय.

दुकानाला काचेचं दार आहे. बाहेर गाडी लावताना बापलेकांची जुंपलेली असते, आणि पायरी चढेस्तोवर दोघांचे चेहरे लग्नघरचे होतात. बीएला समाजशास्त्र होतं तेव्हा अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाबद्दल वाचलं होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथे तो राहून आला होता. तिथल्या घरांत आत अंधार, बाहेर सगळं मोकळं. चहाला येणारा शेजारी दाराशी पोचता पोचता चेहरा कसा बदलतो, हे घरातली माणसं मजेत बघत असत. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं, आता रोज बघते. मला त्यात ढोंग दिसत नाही. घरचं भांडण परक्याच्या काउंटरवर आणू नये, एवढी रीतच आहे ती.

मला खटकतं ते वेगळं. गेल्या मोसमात दिंडोरीकडचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. घरची द्राक्षबाग, सगळं तोच बघतो. वडील म्हणाले, "ताई, नोकरी लिहा. अंबडला, कंपनीत."

"कुठल्या?"

"नुसतं प्रायव्हेट लिहा. शेतकरी लिहिलं की फोनच येत नाही हो."

मुलगा मोबाईलमध्ये. मी सहज विचारलं, छाटणी उरकली का? तसा पठ्ठ्या खुलला. थॉमसन द्राक्षांचा प्लॉट, पावसात आलेला डावणी रोग, रात्री उठून केलेल्या फवारण्या, तरी घड कसे निघालेत ते. फोटो दाखवले. वडील खाकरले तसा पुन्हा मोबाईलमध्ये गेला. 'अपेक्षा'समोर वडिलांनीच सांगितलं, अनुरूप.

वडिलांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. त्यांचा हेतू स्पष्ट होता, पोराचं लग्न व्हावं. पण त्या पोराला काय हवंय, ते कागदावर कुठेच आलं नाही.

माझी भाची म्हणते, मोकळं असणं म्हणजे मनात येईल ते बिनधास्त बोलणं. मला नाही पटत. अशी बिनधास्त बोलणारी माणसं पुष्कळदा लोकांनी बिनधास्त म्हणावं म्हणूनच बोलतात. आपण हे कशासाठी करतोय ते आपल्याला ठाऊक असावं, आणि वेळ आली तर आपल्या माणसांना सांगता यावं, मला एवढं पुरे आहे. दुकानापासून काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दलितांना तिथे प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. माणसांनी दगड खाल्ले. पुढे मार्च १९३४ मध्ये, रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा का, असं त्यांचे इथले कार्यकर्ते भाऊराव गायकवाड यांनी विचारलं, तेव्हा बाबासाहेबांनी तो बंदच करा म्हणून कळवलं. कारणही आडपडदा न ठेवता दिलं. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती. आपली स्थिती काय आहे याचं भान यावं, त्यांच्यात बळ यावं म्हणून होती, आणि ते काम झालं आहे. पुढच्याच वर्षी येवल्यात त्यांनी धर्म सोडायचं जाहीर केलं. ज्या दारासाठी एवढं सोसलं त्या दाराचा मोह नव्हता, हे स्वतःच्याच कार्यकर्त्याला लेखी सांगायला केवढी छाती लागत असेल.

आता माझंही सांगते. बायोडेटाचे मी नावापुरतेच पैसे घेते. ताईचं मन मोठं, म्हणतात लोक. पुढे लग्नपत्रिकेची ऑर्डर आपल्याकडेच यावी, हा हिशेब आहे.

त्या मुलाचा नंतर फोन आला. एक ओळ बदलायची होती. मला वाटलं, नोकरी काढायला सांगतोय.

"नाही, नोकरी राहू द्या, वडील चिडतील. अपेक्षेत टाका, शेतीची आवड असलेली."

म्हटलं, अरे, अंबडच्या नोकरदाराला शेतीची आवड असलेली कशाला हवी, असं मुलीकडचे विचारतील ना.

"विचारू द्या की," म्हणाला.