पाव टक्क्याची वर्गणी

अमेरिकेत रिपब्लिकन पक्षासाठी निवडणुकीचा पैसा उभा करणारे मार्क हॅना यांचा धंदा ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमध्ये सरोवरकाठी कोळशाचा, लोखंडाचा आणि तो माल वाहणाऱ्या जहाजांचा होता. कोकणातल्या रेडी बंदरात बार्ज भरताना उडणारा खनिजाचा तांबडा धुरळा दोरीवरच्या कपड्यांवरून झटकत मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे हा माणूस मला परका वाटला नाही.

१८८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार गारफील्ड यांच्या प्रचारासाठी त्यांनी व्यापाऱ्यांना एकत्र केले. पुढे १८८८ मध्ये सेनेटर शर्मन यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी खटपट केली, ती फसली. मग ते मॅकिन्ली यांच्या मागे उभे राहिले. १८९३ च्या मंदीत ओहायोचे गव्हर्नर असलेले मॅकिन्ली एका मित्राला जामीन राहिल्यामुळे लाखाहून अधिक डॉलरच्या कर्जात सापडले, तेव्हा हॅना आणि इतर स्नेह्यांनी पैसे उभे करून त्यांना सोडवले. दोन वर्षांनी हॅना यांनी धंदा भावावर सोपवला आणि मॅकिन्लींना राष्ट्राध्यक्ष करण्याच्या कामाला पूर्णवेळ वाहून घेतले.

१८९६ ची निवडणूक सोने विरुद्ध चांदी अशी झाली: चलन सोन्यावरच आधारलेले ठेवावे असे मॅकिन्लींचा पक्ष म्हणे, तर चांदीचीही नाणी खुली पाडावीत असे डेमोक्रॅट उमेदवार ब्रायन आणि त्यांच्या मागचे शेतकरी म्हणत. (आपला रुपया तेव्हा चांदीचा होता आणि इथल्या टांकसाळींत कोणीही आणलेल्या चांदीची नाणी पाडून देणे सरकारने तीनच वर्षांपूर्वी बंद केले होते, म्हणून हा वाद मला फार जवळचा वाटतो.) ब्रायन देशभर रेल्वेने फिरत होते, मॅकिन्ली मात्र ओहायोतल्या कँटन गावातल्या आपल्या घराच्या पडवीतूनच बोलत, आणि लाखो माणसे रेल्वेने तिथे येत. खर्चासाठी हॅना यांनी जे केले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. देणगी मागत न बसता त्यांनी आकारणी ठरवली: बँकांनी भांडवलाच्या पाव टक्का द्यावा. अशा रीतीने सुमारे ३५ लाख डॉलर जमले. १९०० च्या निवडणुकीत स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीकडून आलेली रक्कम ठरल्यापेक्षा जास्त भरली, तेव्हा त्यांनी ५० हजार डॉलर परत पाठवले.

आमच्या गावात शिमग्याची वर्गणी घरटी ठरते, वडील ती वहीत उतरवत आणि उत्सवानंतर देवळात सर्वांसमोर हिशेब वाचत. हॅना यांचा चोखपणा मला मनापासून आवडतो; पण त्यांच्या वहीत नावे मोठ्या पेढ्यांची होती आणि ती वही शेतकऱ्यांसमोर कधी वाचली गेली नाही, ही खंत मला वाटते. १८९७ मध्ये ते स्वतः सेनेटर झाले आणि १९०४ मध्ये वारले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०७ मध्ये, कंपन्यांनी आणि राष्ट्रीय बँकांनी अशा निवडणुकांना पैसा देण्यावर अमेरिकेने कायद्याने बंदी घातली.